गाडीचे कान

सुनेने सासूला गाडीत बसवावं, काचा वर कराव्यात आणि बाहेरून पाण्याचा फवारा सोडायला लावावा, असं कुठल्या घरात चालतं? आमच्या घरात चाललं. वर मलाच शिकवण, "आई, बॉनेटवर थाप मारलंय की ह्या बटण दाबा. दुसऱ्या कशाक हात लावू नकात."

मी गोदूबाई. उभा जन्म मालवणच्या बाजारात मासळीच्या पाटीपुढे बसले. फौजदाराने भाव पाडून मागितला तर त्यालाही उभा धुतला. आणि ही वर्षाली, काल घरात आलेली पोर, मला बटण दाबायला शिकवते!

पण तिचंही खरं होतं. माझा प्रितम मस्कतला असतो. त्याने ही मोठी पिकअप घेतली. पुढे माणसं बसतात, मागे मासळीच्या पेट्या. चालवते वर्षाली. बंदरावरची सुरमई, पापलेट उचलते आणि ऊन चढायच्या आत कुडाळच्या हॉटेलांत पोचवते. या गाडीला दोन बाजूंना दोन मोठे आरसे आहेत. बटण दाबलं की आपोआप मिटतात, चिडलेलं मांजर कान मागे पाडतं तसे. पुन्हा दाबलं की उघडतात. हाताने मात्र ढकलायचे नाहीत. आत बारीक दातेरी चाकं असतात, ती मोडतात.

ते कणकवलीला एका गाडी धुणाऱ्याने करून दाखवलं. त्याने आरसा धरून दाबला, आतून कटकट झालं आणि आरसा मेलेल्या माशाच्या कल्ल्यासारखा लोंबायला लागला. नवा मुंबईहून येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. प्रितम फोनवर म्हणाला, "आणखी एकदा आरसो मोडलो तर गाडी विकून टाकतलंय. तुझ्याच्यान सांभाळूक जमणा नाय." गाडी विकली तर वर्षालीचा धंदा बुडाला. त्या रात्री ती जेवली नाही. रडलीही नाही, हे मी बघून ठेवलं.

गाडी न धुऊन चालत नाही. मासळीचं खारं पाणी पत्रा खातं. म्हणून शुक्रवारी आम्ही कुडाळच्या वॉशिंग सेंटरवर. भिकाजी नावाचा उंच माणूस तिथे फवारा मारतो. हात चलाख, पण धीर नाही. वर्षालीने त्याला बजावलं होतं, "भिकाजीनु, आरशाक हात लावू नकात. मिटूचो आसलो तर माका सांगा." तो हो म्हणाला. सगळेच हो म्हणतात.

तर मी आत. काचांवर फेसच फेस. वर्षालीची पहिली थाप पडली, मी बटण दाबलं, आरसे मिटले, त्यांच्यामागचा पत्रा घासून झाला. दुसरी थाप, उघडले. मनात म्हटलं, गोदू, तुझ्याएवढी हुशार बाई पंचक्रोशीत नाही. वर्षाली मागे गेली, पेट्यांखालचं खारं पाणी धुऊन घ्यायला. तेवढ्यात मागे एक जीप येऊन हॉर्न बडवायला लागली. भिकाजी वैतागला. आरशामागचा फेस काढायचा राहिला होता, वर्षालीला हाक मारायला धीर कुठला? त्याने डावा आरसा दोन्ही हातांनी धरला आणि आत ढकलायला लागला.

मी आतून ओरडले. "मेल्या, सोड! हात झडो तुझो!" सगळ्या बाजाराला ऐकू जाणारी माझी जीभ, पण काचेबाहेर एक अक्षर गेलं नाही. बटणावर अंगठा होता. दाबू? तो धरून असताना दाबलं तर आहे तेही मोडायचं. मी अंगठा उचलला आणि देवाचं नाव घेतलं.

वर्षालीने कसं बघितलं देव जाणे. धावत आली आणि ओरडली नाही, त्याला ढकललं नाही. सरळ आपला हात आरसा आणि काच यांच्या मध्ये घातला. भिकाजीचा सगळा जोर त्या हातावर आला. हिरवी काकणं फुटलेली मी काचेतून बघितली.

मी दार उघडून बाहेर. "वर्षाली! नवरो परदेशात आणि तुझी काकणां वाढली!"

"काकणां कुडाळच्या बाजारात गावतत, आई. आरसो मुंबयसून येता."

मनगटातून रक्त येत होतं. भिकाजी पांढरा पडला होता. मी पदर खोचला, त्याच्या सात पिढ्या काढायला तोंड उघडलं. तर ही म्हणते, "आई, जरा थांबा." आणि त्याला, "भिकाजीनु, आत बसा."

"वैनी, माझी पँट भिजलेली आसा."

"भिजूंदे. बसा."

तो कडेकडेने बसला. तिने बटण दाखवलं. त्याने दाबलं. दोन्ही आरसे हळूच मिटले, जराही कटकट नाही. मी तर आधी त्याच डाव्या आरशाकडे बघितलं. भिकाजीने पुन्हा दाबलं, उघडले. पुन्हा मिटवले. एवढा बाप्या, पण तोंडावर हसू मावेना. "आयशप्पत! आणि आमी आजपातूर हे हातान मोडीत होतंव?" जीपवाला हॉर्न विसरून बघायला आला. भिकाजी त्याच्यावरच खेकसला, "तुमच्या गाडयेचे आरसे बटणाचे आसत काय ता आदी सांगा!" मग मला म्हणाला, "काकी, तुमी खुर्चेर बसा. बटण आता मी दाबतलंय."

मी शिव्या दिल्या असत्या तर तो घाबरला असता आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा विसरला असता. आता तो मरेपर्यंत विसरणार नाही.

वर्षालीने मनगटाला रुमाल बांधला, तोच फोन वाजला. शुक्रवार प्रितमच्या सुट्टीचा. पहिलाच प्रश्न, "आरसे बरे आसत मा?"

हो म्हणून सुटली असती. पण तिने सगळं सांगितलं. आरशाला भिकाजीचा हात लागला होता, आरसा वाचला, काकणं गेली. पलीकडून आवाज चढला, "मी तुका सांगललंय ना..."

मी फोन ओढून घेतला. "प्रितमा, गाडी विकूची नाय. तू थंय सुखात रव." आणि ठेवून दिला.

माझ्या तोंडून कौतुक ऐकायची वर्षालीला सवय नाही, मलाही बोलायची नाही. पण भिकाजी आणि तो जीपवाला ऐकतील इतक्या मोठ्याने मी म्हटलं,

"वर्षाली, माझी जीभ तुझ्या तोंडात आसती तर आरसोव गेलो आसतो नि गाडीव. तुझा डोक्या थंड आसा, ताच ह्या घराक होया. आजपासून गाडयेची धनीण तू. प्रितमाक काय विचारूचा आसला तर तो माका विचारीत."