आरामखुर्ची, वरच्या वस्तूसकट

कृत्रिम बुद्धिमत्तेला कामाचं नियोजन कसं शिकवायचं, या विषयात पीएच.डी. करायला एकच जागा होती. चार वर्षं विद्यावेतन, राहायला खोली. ती मिळाली नाही तर चिंगीला सोमवारपासून बाबांच्या सामान हलवायच्या धंद्यात फोनवर बसायचं होतं. बाबांनी खुर्चीही आणून ठेवली होती. चाकांची.

शेवटची परीक्षा अशी होती: आपला प्रोग्रॅम खऱ्या माणसांकडून खरं काम करून घेताना दाखवायचा. जागा ज्यांच्या हातात होती ते सर मोबाइलच्या व्हिडिओवर बघणार. एकदा योजना सुरू झाली की उमेदवाराने चकार शब्द काढायचा नाही. काढला की बाद.

म्हणून चिंगी आज एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या फ्लॅटमध्ये मोबाइल धरून उभी होती. बाईंच्या घरचं सामान त्यांच्या थोरल्या मुलाकडे जायचं होतं. चिंगीने आदल्या दिवशी येऊन घरातली वस्तू न् वस्तू, तिचं वजन, ती कशावर ठेवलीय, सगळं प्रोग्रॅमला सांगितलं होतं. लक्ष्य एका ओळीचं: घर रिकामं, सगळं ट्रकमध्ये, फेऱ्या कमीत कमी.

"आज मशीन बोलेल तेच करायचं," बाबांनी हमालांना बजावलं. "स्वतःचं डोकं चालवलंत तर पोरीची जागा जाईल."

"आमचं डोकं आजवर कधी चाललंय, शेठ?" डबल म्हणाला. डबल म्हणजे एका शर्टात दोन माणसं. त्याचा जोडीदार फुलस्टॉप त्याच्या कोपरापर्यंत यायचा.

"गाद्या," मोबाइल बोलला. गाद्या गेल्या.

"टेबल, वरच्या टीव्हीसकट." तेही गेलं. एकावर एक असलेल्या वस्तू एकदम उचलायची युक्ती चिंगीची. सरांनी मान डोलावली.

"आरामखुर्ची, वरच्या वस्तूसकट."

आरामखुर्चीत बाई शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या.

चिंगीला आपली चूक कळली. काल बाई खुर्चीतून उठल्याच नव्हत्या, आणि खुर्चीवर काय आहे हे भरल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकत नव्हता. तिने भरलं होतं: बाई, बेचाळीस किलो. बाई म्हणजे माणूस, हे सांगायचं राहिलं होतं.

"शेठ, माणूस आहे," फुलस्टॉप कुजबुजला.

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय? मध्ये बोलायचं नाही."

"ते तिने. आपण बोललो तर चालतं."

"उगाच कशाला रिस्क?" बाबा बाईंकडे वळले. "बाई, आपली हरकत नसेल तर..."

"पाय आत घेऊ का?" बाईंनी विचारलं.

खुर्ची निघाली. जिन्याच्या वळणावर बाईंनी डबलला एक आडवा शब्द विचारला. त्याला आला नाही. चिंगी मोबाइल धरून मागोमाग, तोंडाला कुलूप, डोळे पांढरे. खुर्ची ट्रकच्या अगदी आतल्या कोपऱ्यात बसली.

"लोखंडी कपाट. खुर्चीला चिकटवून."

दोघांनी कपाट आणलं. बाईंचा चेहरा अर्धा झाकला गेला.

"थांबा," चिंगी म्हणाली.

सगळे थांबले. पीएच.डी.ची जागाही तिथेच थांबली.

"तुम्ही बोललात," सर म्हणाले.

"हो सर."

"ती नाही, मी बोललो," बाबा म्हणाले. "बारीक आवाजात."

चिंगीने कपाट सरकवायला लावलं. "बाई, माफ करा. उतरा खाली."

"उतरून जाऊ कुठे?" बाईंनी शांतपणे विचारलं. "थोरला म्हणाला, सामान पाठव. धाकटा म्हणाला, चावी शेजारी ठेव. मी कुठे जायचं, ते कोणी बोललं नाही. काल तू वजन विचारलंस, तेव्हा म्हटलं, चला, काहीतरी ठरलंय."

बाबांनी थोरल्याला फोन लावला.

"आई? आई धाकट्याकडे जाणार ना?"

धाकट्याला लावला.

"आई थोरल्याकडे नाही का जाणार?"

दोघांचा आवाज अगदी प्रामाणिक होता. तेच जास्त लागलं. डबल ट्रकच्या फळीवर मटकन बसला आणि ट्रक एका बाजूला कलला.

सरांनी चष्मा काढला होता. "तुमच्या प्रोग्रॅमने माणसाला सामानात धरलं. ढोबळ चूक आहे."

"हो सर."

"पोटच्या मुलांनी तर कशातच धरलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "याआधीचे उमेदवार शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एकाने सामानात भरलेलं मांजर अजून सापडलेलं नाही. ती अट ज्याने लिहिली त्याच्याशी मला बोललं पाहिजे."

"कोणी लिहिलीय, सर?"

"मीच." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "जागा तुमची. सोमवारी या."

चिंगीला हसू आलं नाही. ती बाईंकडेच बघत होती.

"आता ट्रक कुठे न्यायचा?" बाबांनी विचारलं.

"ठरलंय तिथेच, थोरल्याकडे," बाई म्हणाल्या. "मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसते. पण ही खुर्ची बाहेर काढा आणि सगळ्यात शेवटी भरा. म्हणजे तिकडे पहिली तीच उतरेल. दारासमोर ठेवा, मी बसते. मग बाकीचं सामान मला ओलांडून कसं नेतात ते बघू."

फुलस्टॉपने बाईंकडे आदराने पाहिलं.

"हे तुमच्या प्रोग्रॅमला का नाही सुचलं?" सरांनी विचारलं.

"पुढे कुठेतरी उतरवायचंही असतं," चिंगी म्हणाली, "हे त्याला सांगितलंच नव्हतं, सर."