आजीबाईंची फायनल

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. पाच माणसं, वर मॅडम, आणि दिवसभर घरघरणाऱ्या पॉलिशच्या मोटारी. एका वेळी एकालाच रजा हा नियम, आणि त्यावरून दोन वर्षांपूर्वी इतकी जुंपली की साचे ओतणारे काका आणि दातांचे रंग जुळवणारा, आम्ही ज्याला 'चष्मा' म्हणतो तो, महिनाभर एकमेकांशी चिठ्ठ्या लिहून बोलत होते. शेवटी मॅडमनी तोडगा काढला. टेनिसची मोठी स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी महिला खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि प्लास्टर कालवायच्या रबरी वाडग्यांत टाकायच्या. प्रत्येकाने दोन उचलायच्या, एक मानांकित, एक बिगरमानांकित. ज्याची खेळाडू जास्त टिकेल त्याने रजेचा आठवडा आधी निवडायचा. टेनिसमधलं ओ की ठो न कळणारे आम्ही तेव्हापासून पक्के शौकीन झालो.

यंदा मला स्पर्धेनंतरचा दुसरा आठवडा हवा होता. त्यातल्या गुरुवारी माझी आई लग्न करणार होती.

हे लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. आई बासष्टची, बाबांना जाऊन अकरा वर्षं झालेली, आणि नवरदेव तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे, जमीनमोजणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. तिने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "या वयात कशाला?" त्यानंतर तीन महिने आम्ही तब्येत आणि हवापाणी याच्या पुढे गेलो नव्हतो. खरं सांगायचं तर रजा हुकली तर बरंच, असंही माझ्या मनात होतं. म्हणजे जायलाही नको आणि तोंडाने नाही म्हणायलाही नको. इतकी मी शूर.

चिठ्ठ्या उघडल्या. माझी मानांकित चौथ्या क्रमांकाची, तगडी. दुसरी पात्रता फेरीतून आलेली, अडतीस वर्षांची, गुडघ्याला पट्टा. चष्म्याने तिचं नाव तिथल्या तिथे 'आजीबाई' ठेवून टाकलं. नेमकी दोघींची पहिल्याच दिवशी गाठ पडली आणि आजीबाईंनी माझ्या चार नंबरला घरी पाठवलं. स्पर्धेतला पहिला मोठा धक्का, तोही माझ्याच दोन चिठ्ठ्यांत. लॅब हसून हसून लोळली. हा खरा घरचा आहेर, असं मॅडमसुद्धा म्हणाल्या.

पण मग इतरांचं हसू हळूहळू आटलं. चष्म्याच्या दोघी दुसऱ्या फेरीत गारद. पॉलिशवर बसणाऱ्या दोघी बहिणींच्या चारही खेळाडूंनी आठवडाभरात गाशा गुंडाळला. काकांची अव्वल मानांकित मात्र सर्व्हिस अशी हाणायची की तिला आम्ही 'तोफ' म्हणायला लागलो. काकांनाही तोच दुसरा आठवडा हवा होता, भावाबरोबर नदीवर गळ टाकून बसायला. आणि आजीबाई? त्या फारशा पळायच्याच नाहीत. समोरचीला पळवायच्या. कधी लांब, कधी नेटच्या अगदी जवळ, आणि पॉइंट गेला की शांतपणे टॉवेलने हात पुसायच्या.

उपांत्यपूर्व सामना जेवणाच्या सुट्टीत आला. प्लास्टरच्या जबड्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. आजीबाईंनी पहिला सेट घेतला, दुसरा धडाधड गमावला, आणि गुडघा धरून खुर्चीत बसल्या. चष्मा डबा बंद करत म्हणाला, "या वयात कशाला हा हट्ट? मानाने घरी बसावं."

"वय ठरवणारा तू कोण?" मी मेण कापायची सुरी टेबलावर आपटली. "गुडघा तिचा, दम तिचा. तिला खेळावंसं वाटतंय ना? मग तुझं काय जातंय?"

चष्म्याने बंद केलेला डबा पुन्हा उघडला. त्याचं वाक्य माझंच होतं, आणि मी दिलेलं उत्तर आईने मला द्यायला हवं होतं. तिने दिलं नव्हतं, नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. आजीबाईंनी तिसरा सेट घेतला तेव्हा सगळे ओरडले आणि मी एकटी नाक पुसत होते.

कामावरून सुटल्याबरोबर मी आईला फोन लावला. माफी वगैरे मागता आली नाही. आजीबाईंबद्दलच सांगत बसले, गुडघ्यापासून टॉवेलपर्यंत. आईने मध्येच विचारलं, जिंकेल का गं ती? मी म्हटलं, ते माहीत नाही, पण रजा मिळाली की मी येणार. मग तिला टेनिसमध्ये गुण कसे मोजतात ते ऐकायचं होतं.

उपांत्य फेरी दोघींनीही मारली. शनिवारी दुपारी फायनल, आजीबाई विरुद्ध तोफ, म्हणजे मी विरुद्ध काका. मॅडमनी मोटारी बंद करायला लावल्या. तोफेने पहिला सेट अर्ध्या तासात उडवला. मी रबरी वाडग्याचा काठ नखाने खरवडत बसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुला काही अडचण आहे का त्या आठवड्यात? घेऊन टाक तू. मासे काय, पळून जात नाहीत."

"नको काका. ती दमलेली नाही अजून."

खरंच दमली नव्हती. दुसऱ्या सेटपासून तिने तोफेला असं काही नाचवलं की तिसऱ्यात तोफेची सर्व्हिस नेटमध्ये जायला लागली. शेवटच्या पॉइंटला आजीबाईंनी चेंडू अलगद नेटपलीकडे ठेवला आणि तोफ जागची हलली नाही. बहिणींनी मला मिठ्या मारल्या. सगळ्यात मोठ्याने टाळ्या चष्म्याच्या.

मॅडमनी रजेचा अर्ज पुढे सरकवला. कारणाच्या जागी मी एरवी 'घरगुती' लिहिते. आज लिहिलं, 'आईचं लग्न'. मॅडमनी ते वाचलं, मग पुन्हा मोठ्याने वाचलं. काकांनी विचारलं, कुणाच्या आईचं? माझ्या, मी म्हटलं, बासष्ट वर्षांची आहे. सांगताना मान वर होती माझी. काका आधी हसले, मग डोळे पुसत म्हणाले की मला आमंत्रण नसलं तर बघ.

मी तिथेच उभ्या उभ्या आईला फोन केला.

"जिंकली," मी म्हटलं. "मी बुधवारीच येते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "अगं, नोंदणीचा फॉर्म सोमवारी द्यायचाय," आई म्हणाली. "शेजारीण रोज विचारते, साक्षीदार म्हणून सही करू का. ती एक ओळ मी तीन महिने कोरी ठेवलीये."

"माझं नाव लिही," मी म्हटलं. "पेनाने लिही."