समईतला एक थेंब

मित्रांनो, मी एक जुनं, चावी देऊन चालवायचं मनगटी घड्याळ आहे. माझ्या जातीची घड्याळं आपलं चरित्र सांगताना कौतुकाने सुरुवात करतात. मला ते जमणार नाही. माझ्यामुळे एका भल्या माणसाच्या नावाला बट्टा लागला आणि तो पुसायला पंचेचाळीस वर्षं लागली. म्हणून मान खाली घालूनच बोलतो.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. पांढरी तबकडी, निळसर काटे आणि पोटात सतरा लाल खडे. हे खडे दागिन्यातले नव्हेत बरं का! चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले असतात ते. पण मिरवायला कुणाला आवडत नाही? मलाही आवडायचं.

बाबुरावांनी मला दिवाळीच्या बोनसमधून घेतलं. बाबुराव मूळचे कोकणातले. राहायला ठाकूरद्वारच्या एका वाडीत आणि कामाला लोअर परळच्या गिरणीत. सहा माग एकटे सांभाळायचे. पण गिरणीतून सुटले, अंघोळ केली आणि कपाळाला गंध लावलं की हा माणूस वेगळाच दिसे. वाडीच्या तोंडाशी रामाचं लहानसं देऊळ होतं. तिथे कीर्तन असलं की पहिल्या ओळीत, बुवांच्या अगदी समोर बाबुरावांची बैठक.

देवळातलं भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद पडलेलं. त्यामुळे वेळ राखायची ती बाबुरावांनी, म्हणजे खरं तर मी. पूर्वरंगाचं निरूपण संपत आलं की बुवा हळूच बाबुरावांकडे पाहत. बाबुराव माझ्याकडे पाहत. त्यांनी मान हलवली की बुक्क्याचं तबक उचललं जाई, बुवांच्या गळ्यात हार पडे आणि आख्यानाला रंग चढे. काय सांगू तुम्हाला! चिपळ्यांच्या ठेक्यात माझी टिकटिक मिसळायची, तेव्हा वाटायचं की आपणही देवाच्याच कामाला आहोत.

तबल्याच्या साथीला दौलत बसायचा. बाबुरावांहून सहा वर्षांनी लहान. वाडीच्या तोंडाशी त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, काचेची एक पेटी आणि मागे एक स्टूल. दिवसा डोळ्याला भिंग लावून चिमट्याने केसाएवढे स्क्रू उचलायचा आणि संध्याकाळी त्याच बोटांनी तबला बोलता करायचा. माझं पोट उघडायचा हक्क फक्त त्याचा.

निदान असायला हवा होता.

बाबुरावांची एक समजूत होती आणि ती गिरणीतून आलेली. मागाला तेल दिलं नाही तर माग अडतो. मग खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना ते चाकूच्या टोकाने माझं मागचं झाकण काढत, आत हळदकुंकवाचं बोट लावत आणि वर समईतलं तेल सोडत. भक्तिभावाने, हात जोडून! मला गुदमरायला होई. पण पूजा करणाऱ्याला नको कसं म्हणायचं?

सात-आठ वर्षांत मी मंदावलो. एकोणीसशे ऐंशीच्या फाल्गुनात बाबुरावांनी मला दौलतकडे दिलं. त्याने माझा पुर्जा न् पुर्जा सुटा केला, पेट्रोलमध्ये धुतला, पुसला, बसवला. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ‘दौ’ असं कोरून खाली तारीख घातली. पुढे कुणी उघडलं तर आधी कोणाचा हात लागला ते कळावं, अशी त्या लोकांची रीत आहे.

‘‘बाबुराव, हळदकुंकू वरून लावा, पाया पडा, काय वाटेल ते करा,’’ दौलत म्हणाला. ‘‘पण झाकण उघडू नका. तेल मी घातलंय. सुईच्या टोकावर राहील एवढं. बास झालं.’’

‘‘सुईच्या टोकावर? मेल्या, एवढ्याने माझ्या मागाची एक पट्टी पण भिजायची नाही!’’

‘‘हा माग नाही, बाबुराव.’’

‘‘बरं, बरं. तू तुझा तबला सांभाळ.’’

दोघेही हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की आज लाज वाटते.

रामनवमीचं कीर्तन तुम्ही ऐकलं असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी घड्याळाला केवढा मान! बुवांनी आख्यान असं रंगवत न्यायचं की भर माध्यान्ही, बाराच्या ठोक्याला रामजन्म व्हावा. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. बाराला पाळणा हलायचा आणि गुलाल उधळायचा. ती सगळी जोखीम माझ्यावर.

आदल्या संध्याकाळी बाबुरावांना काळजी लागली. उद्या घड्याळ दगा देणार नाही ना? त्यांनी देवळात जाऊन रामाच्या समईतलं तेल बोटावर घेतलं. घरी येऊन माझं झाकण उघडलं. ‘‘रामा, तुझंच काम आहे,’’ म्हणाले आणि थेंब सोडला.

तो थेंब थेट माझ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगेवर पडला. तिचे वेढे एकमेकांना चिकटले. मित्रांनो, ही स्प्रिंग म्हणजे घड्याळाचा श्वास. वेढे चिकटले की श्वास आखूड होतो आणि घड्याळ धापा टाकत पळत सुटतं. सकाळी सात वाजता बाबुरावांनी मला रेडिओशी जुळवलं आणि मी पळू लागलो. थांबावं असं फार वाटत होतं. थांबता येईना.

माझ्यात बारा वाजले. बाबुरावांनी मान हलवली. बुवांचा आवाज टिपेला गेला, शंख वाजला, बायकांनी पाळण्याची दोरी ओढली, गुलालाने देऊळ लाल झालं. पाळणा म्हणून झाला, आरती झाली, हातावर सुंठवडा पडला. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, शेजारच्या गल्लीतल्या देवळातून रामजन्माच्या घंटा सुरू झाल्या.

मग मागून दगडूचा आवाज आला. दगडू म्हणजे वाडीतलाच, जिभेला हाड नसलेला माणूस.

‘‘बाबुराव, तुमचा राम सातव्या महिन्यातच आला की हो!’’

अख्खं देऊळ हसलं. बुवासुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसले. बाबुराव कानापर्यंत लाल झाले, आणि तो काही गुलाल नव्हता. त्यांनी मला मनगटावरून ओरबाडून काढलं आणि तबल्यापाशी बसलेल्या दौलतसमोर धरलं.

‘‘याला विचारा! महिन्यापूर्वी याच्याकडे दिलं होतं. आतला असली पार्ट काढून घेतला याने आणि भंगारातला घातला!’’

मी ओरडत होतो. नाही हो, नाही, तो थेंब... पण घड्याळाला टिकटिकीशिवाय भाषा नाही, आणि माझी टिकटिक तर सगळ्यांदेखत खोटी ठरलेली.

दौलतने तबल्यावर शांतपणे गवसणी चढवली. उठला. एवढंच म्हणाला, ‘‘बाबुराव, देवासमोर बोललात.’’ आणि गेला. तो पुन्हा त्या देवळात आला नाही.

आता खरी लाजेची गोष्ट ऐका. पाचव्या दिवशी दगडूला पुरावा दाखवायचा म्हणून बाबुरावांनी मला खिडकीच्या उजेडात उघडलं. स्प्रिंगेवर त्यांचंच तेल चमकत होतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग घाईघाईने झाकण दाबलं, कापराच्या डब्यात मला घातलं आणि डबा देव्हाऱ्याखालच्या खणात सरकवला. दगडूला सांगितलं, ‘‘जाऊ दे रे, झालं गेलं.’’

डब्यात असलो तरी कान शाबूत होते. ‘दौलतकडे नका देऊ, तो आतले पुर्जे बदलतो,’ हे वाक्य वाडीत किती तोंडांतून गेलं ते मी ऐकलं. बाबुराव दोनदा चप्पल घालून त्याच्या दुकानाकडे निघाले आणि दोनदा कोपऱ्यावरून परतले. ‘‘उद्या सांगतो,’’ असं देवाला म्हणायचे. वर्ष संपायच्या आत दौलत बिऱ्हाड घेऊन शीवला गेला. वेळ सांगण्यासाठी जन्मलेला मी, त्या ‘उद्या’ची वाट पाहत अंधारात पडून राहिलो. तेल घट्ट झालं, हळदीचे कण त्यात रुतले, काटे थिजले.

यंदा बाबुरावांची नात अपेक्षा साफसफाई करत होती. तिला मी सापडलो. ‘‘वॉव, आजोबा, कसलं भारी आहे हे! मी रिपेअर करून आणते.’’

बाबुराव आता सत्याऐंशीचे. ‘‘राहू दे गं,’’ म्हणाले. पण ऐकते कोण! तिने मोबाइलवर शोधलं की जुनी चावीची घड्याळं उत्तम कोण करतं. आणि मला घेऊन शीवला गेली.

दुकानात एक पन्नाशीच्या बाई भिंग लावून बसल्या होत्या. त्यांनी माझं झाकण काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतला तो पिवळा राळेसारखा चिकटा, ते कुंकू, ती हळद! कुणासमोर घाणेरड्या कपड्यांत उभं राहावं तसं.

‘‘अगं बाई,’’ त्या हसल्या, ‘‘याची पूजा केलीय की काय कुणी?’’ मग झाकण उलटं करून उजेडात धरलं, आणि त्यांचं हसू थांबलं. ‘‘बाबा, जरा इकडे या. हे तुमचं अक्षर आहे का?’’

मागच्या खुर्चीतून एक म्हातारा उठला. दौलत! भिंग डोळ्याशी धरायला लेकीने मदत केली. तो ‘दौ’ त्याने पाहिला, तारीख पाहिली. मग एकेक पुर्जा बघत गेला. फार वेळ लागला त्याला.

‘‘मनवा,’’ शेवटी म्हणाला, ‘‘सगळे असली आहेत. एकही बदललेला नाही. हे समईचं तेल आहे.’’

अपेक्षाला काही कळेना. तिने घरी फोन लावला. ‘‘आजोबा, इथल्या मावशी विचारतायत, घड्याळात तेल कुणी घातलं होतं?’’

पलीकडून उलटाच प्रश्न आला. ‘‘दुकान कोणाचं आहे?’’

‘‘मनवा मावशींचं. त्यांच्या वडिलांचं नाव दौलत.’’

‘‘घड्याळ तिथेच राहू दे. झालं की मी स्वतः येतो.’’

मनवाने मला आठ दिवस सांभाळलं. प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत. पेट्रोलची एक अंघोळ, मग दुसरी, मग तिसरी. कडुलिंबाच्या काडीने खड्यांची भोकं साफ केली. स्प्रिंगेचे वेढे तिने असे सोडवले जशी आई लेकीच्या केसातला गुंता सोडवते. शेवटी सुईच्या टोकाएवढं तेल, आणि माझं चक्र हललं. पण मित्रांनो, मला आनंद होईना. ज्याचं नाव गेलं त्याच्याच लेकीने मला धुवावं?

सोमवारी बाबुराव टॅक्सीने आले. नातीच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी.

‘‘दौलत, तेव्हा जरा गैरसमज...’’

‘‘कधी कळलं तुम्हाला?’’ दौलतने मध्येच विचारलं.

मला वाटलं, आता बाबुराव म्हणतील की त्या दिवशी फोनवर. कोण खोटं पाडणार होतं त्यांना? एक मी सोडून.

‘‘पाचव्या दिवशी,’’ बाबुराव म्हणाले.

दौलत म्हणाला, ‘‘मी समजत होतो तुम्हाला ठाऊकच नाही. बिचारा गैरसमजात राहिला, असं म्हणून मी तुम्हाला कधीच माफ करून टाकलं होतं. आता ते सगळं पहिल्यापासून करावं लागणार.’’

‘‘मी सगळ्यांसमोर सांगतो. त्याच देवळात उभा राहून सांगतो.’’

‘‘कोणाला सांगणार? बुवा गेले, दगडू गेला. त्या दिवशी हसलेलं एक माणूस दाखवा मला.’’ मग दौलतने लेकीकडे बोट केलं. ‘‘ही राहिलीय. आठ वर्षांची होती. शाळेत पोरी म्हणायच्या, हिच्याजवळ कंपास ठेवू नका. हिला सांगा.’’

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. बाबुरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण ती जायची वाट पाहिली नाही. काठी नातीच्या हातात दिली आणि दोन्ही हात जोडले.

‘‘बाळ, तुझे वडील चोर नव्हते. तेल मी घातलं. मला कळलं, आणि मी गप्प बसलो.’’

मनवाच्या हातातला चिमटा काचेवर वाजला. तिने स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाली, ‘‘बसा आजोबा. स्टूल हलतं, जपून.’’

निघताना दौलतने मला बाबुरावांच्या मनगटावर बांधलं. पट्ट्याच्या भोकात काटा घालायला त्याच्या म्हाताऱ्या बोटांना वेळ लागला. बाबुरावांनी हात मागे घेतला नाही. ‘‘अजून दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं,’’ दौलत म्हणाला. ‘‘पुढच्या सोमवारी घेऊन या, वेग लावून देतो. नातीला पाठवू नका. तुम्हीच या.’’

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी खणात पडलं असेल तर त्याला बाहेर काढा. जाणत्या हातात द्या. मायेपोटीसुद्धा भलतंच तेल घालू नका. पण त्याहून मोठी विनवणी दुसरीच आहे. कुणाला चारचौघांत बोल लावलात आणि चूक आपलीच निघाली, तर ते चौघे हयात आहेत तोवर जाऊन सांगा. उद्या सांगू असं म्हणू नका. साचलेलं तेल मनवाने आठ दिवसांत धुऊन काढलं. दगडूच्या कानात मात्र दौलत शेवटपर्यंत चोरच राहिला, आणि ते आता कुणालाच धुता येणार नाही.