उलटा लागलेला काप

आत्याबाईंच्या कापड कापायच्या टेबलावरचा तागा बाजूला सारून भाचीने आपले कागद ओळीने मांडले. उंदराच्या मेंदूचे पातळ काप, मोठे करून छापलेले.

"आत्या, हात नको लावूस गं. उद्या कॉलेजातल्या बाईंना दाखवायचेत. पसंत पडले तर सुट्टीभर त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधन. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सहसा घेत नाहीत."

"हात कुठे, डोळे लावतेय. घरात डोकं खाणारे कमी होते, म्हणून तू डोकं कापायला गेलीस!"

आत्याबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती. पण कापडाची सुलट-उलट ओळखण्यात चाळीस वर्षांत त्यांना कुणी हरवलं नव्हतं. सातव्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"ही खाच कसली?"

"डावी बाजू कळावी म्हणून काप करायच्या आधीच पाडतात."

"मग इथे उजवीकडे कशी? तुकडा उलटा लागलाय."

"तुला काय कळतं त्यातलं!"

भाचीने कागद ओढला. पाहिला. मग नववा पाहिला. तोही उलटाच. डावीकडच्या पेशी तिने उजवीकडच्या म्हणून मोजल्या होत्या. आठवडाभराची मोजणी पाण्यात.

"कुणाच्या लक्षात नाही येणार," ती पुटपुटली. "दोन्ही बाजू सारख्याच दिसतात."

 आत्याबाईंनी कडा जुळवून कागद तिच्या हातात दिले आणि मशीनवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीच्या खांद्याचं माप घेत होत्या, तेव्हा भाची दारात येऊन उभी राहिली.

"सांगितलं बाईंना. चूक झाली म्हटलं."

"मग?"

"खूप बोलल्या. सगळ्यांसमोर." तिने खांद्यावरची पिशवी उतरवली. "शेवटी म्हणाल्या, सगळं पुन्हा मोज. आणि सोमवारपासून ये, सुट्टीभर."

"मग दारात खांबासारखी काय उभी? जेवून घे जा."

ती आत गेली. माप लिहायचं सोडून आत्याबाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या.

"मेंदूचं शिकते म्हणे," शेजारीण म्हणाली. "काय शिकवतात हो त्यात?"

आत्याबाईंनी मान ताठ केली.

"बाकीचं मला काय ठाऊक, बाई. पण चुकलं की पोरीला उसवता येतं."