खरकट्याचा गॅस

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत बायोगॅस आला तो कुंदाबाईंच्या हट्टापायी. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, रिटायर झाली म्हणून काय खडू खाली ठेवते! दारोदार हिंडून सांगत सुटल्या: ओला कचरा वेगळा द्या, लिंबाच्या साली नकोत, कांद्याची टरफलं नकोत, टाकीतल्या जंतूंना ती सोसत नाहीत. लोक म्हणाले, खरकट्याचा गॅस? शी! बाई म्हणाल्या, "ज्योतीला कसलं आलंय उष्टं-खरकटं?"

हे वाक्य मनावर घेतलं ते एकटीनं, झाडूकाम करणाऱ्या रुक्मिणीनं. टाकी सुरू करायला शेणकाला लागतो, तो तिनं हातानं कालवला. पाणी किती, कचरा किती, टाकी बिघडली की आंबट वास कसा येतो, सगळं शिकली. गॅस साठायचा तो काळा रबरी फुगा रोज आल्या-आल्या थोपटून बघायची. शाळेची मुलं प्लांट बघायला आली की बाई मागे आणि ही पुढे. "कालचा भात तो आजचा गॅस," असं ठसक्यात सांगायची.

माघी गणपती आला. हॉलशेजारच्या स्वयंपाकघरात ह्याच गॅसची शेगडी होती. एकशेएक उकडीचे मोदक तिच्यावरच होणार, हे बाईंनीच जाहीर केलेलं. रुक्मिणीनं दोन दिवस वॉचमनला चहासुद्धा करू दिला नाही. त्या सकाळी ती नवी साडी नेसून आली, तेव्हा फुगा टम्म भरला होता.

इतक्यात घाटकोपरहून बाईंची थोरली नणंद आली, शर्मिष्ठाताई. सोवळ्याच्या बाबतीत नाकानं कांदे सोलणारी. शेगडीकडे बघून म्हणाली, "कुंदा, हा तोच ना गं, लोकांच्या उष्ट्याचा? आणि ह्याच्यावर बाप्पाचा नैवेद्य?"

आता बोला ना बाई! तीस वर्षांचं विज्ञान गेलं कुठे? पण खरं सांगायचं तर हा प्रश्न नणंदेनं घाटकोपरहून आणला नव्हता. सकाळी आंघोळ करून देवाला हात जोडल्यापासून तो बाईंच्याच मनात टोचत होता. फक्त दुसऱ्या कुणी बोलायची खोटी होती.

"छे छे, ताई," बाई म्हणाल्या, "सिलिंडर मागवतेय मी."

रुक्मिणी दारातच उभी होती. "सिलिंडर कशाला, बाई? फुगा भरलाय ना."

"दाब कमी आहे."

"नाही हो, मी आत्ताच बघून..."

"मी सांगते ना, कमी आहे!"

हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. चेअरमन मधुकरराव पुढे आले. "काय गं रुक्मिणी, आजच्याच दिवशी वाट लावलीस? लक्ष कुठे असतं तुझं?"

रुक्मिणीनं बाईंकडे बघितलं. बाईंनी हातातल्या मोदकाच्या पारीकडे. मग रुक्मिणी म्हणाली, "चुकलं, साहेब. मीच कचरा कमी घातला."

अहो, एक शब्द पुरे होता. तो बाईंच्या तोंडून निघाला नाही. आरती झाली, मोदक झकास झालेत म्हणून लोकांनी वाहवा केली आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी सगळे पांगल्यावर त्या द्रोणात पाच मोदक घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. फुगा फाटू नये म्हणून रुक्मिणी रिकामी शेगडी पेटवून गॅस जाळत बसली होती.

"रुक्मिणी, खोटं बोलले मी. लाज वाटते गं. आत्ताच जाऊन मधुकररावांना सांगते."

"सांगा, नाहीतर राहू द्या. साहेबांच्या बोलण्याचं काही नाही, बाई." ती ज्योतीकडेच बघत होती. "माझी सासू मला देवाच्या पानाला हात लावू देत नाही. म्हणते, लोकांचं खरकटं कालवून येतेस. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, आमच्या बाई शिकलेल्या आहेत, त्या सांगतात ज्योतीला उष्टं नसतं. गणपतीचे मोदक माझ्या गॅसवर होणारेत, ये बघायला."

बाईंनी विचारलं, "मग?"

"आली होती ना. सिलिंडर आत नेला, तेव्हा तिनंच दार उघडून धरलं."