दोर धरणाऱ्याची बाजू

मित्रांनो, तबेल्याच्या दाराशी खुंटीवर लोंबतो आहे ना, तो जुना सुती दोर म्हणजे मी. वळताना माझे पेड घट्ट पिळले होते, म्हणून अजून टिकलो आहे. माझी कडी घोडीच्या तोंडावरच्या मोरखीत अडकवायची आणि तिला पाण्यावर, नालबंदाकडे न्यायचे, हेच माझे आयुष्य. दुसरे टोक तिची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराच्या हातात असे.

"काय महाराणी, पाऊल उचलायची मेहेरबानी होणार का आज?" असे तो तिला विचारायचा. मला मात्र 'माझा तिसरा हात' म्हणायचा.

एकदा जनावरांच्या डॉक्टरीणबाई धनुर्वाताची लस टोचायला आल्या.

"दादा, मी डावीकडे आहे, तुम्हीही डावीकडेच या. सुई टोचली की ती पलीकडे सरकेल."

"अहो बाई, पोरीसारखी आहे ती मला. पलीकडून टेकू दिला की हलायची नाही." तो घोडी आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला.

दारातून त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, ऐका ना त्यांचं!"

"तू गप गं. आता तू शिकव मला!"

बाहेर आणखी घोडे खोळंबले होते. बाई जरा घुटमळल्या आणि त्यांनी टोचले.

घोडी उधळली नाही. तिने लाथही झाडली नाही. ती फक्त सुईपासून दूर सरकली. पण सरकले ते तिचे अख्खे अंग, थेट भिंतीपर्यंत. त्याची मूठ माझ्यावर आवळली आणि मग सुटली. तो दवाखान्यातून परत आला नाही.

घोडीला सगळे मारकी म्हणू लागले. मला कोणी हात लावेना. माझ्यावर धूळ साचली.

मग लसीचा दुसरा डोस आला. या खेपेला मला मुलीने उचलले. बाईंनी घोडीला मोकळ्या अंगणात आणायला लावले, मुलीला दंडाला धरून आपल्या बाजूला घेतले आणि मगच सुईचे टोपण काढले. घोडी पुन्हा सरकली, जेमतेम पाऊलभर.

"एवढंच?" मुलीने विचारले. "एवढंच सरकते ती?"

बाईंनी सुईवर टोपण परत बसवले.

मित्रांनो, जनावरावर माया करा, पण त्याच्या भीतीलाही ओळखा. कोणी चुकीच्या बाजूला उभा असेल, तर तो हलेपर्यंत सुई उघडू नका. तो चिडेल. चिडू दे. चिडलेला माणूस घरी तरी येतो.