न घेतलेली मजुरी

केळकरबाईंनी मोहनमाळ रावजी सोनाराच्या हातात ठेवली तेव्हा त्यांच्या लेकीच्या, भार्गवीच्या, लग्नाला तीन दिवस उरले होते.

"मागचा फासा सैल आहे हो, आणि तिला जरा लांब होते. दोन मणी काढा," बाई म्हणाल्या. "यज्ञेशने घेतली बहिणीसाठी. मुंबईत बसून, कॉम्प्युटरवर! बाजारभावापेक्षा पाव हिश्शाने स्वस्त. आता तुम्ही सोनारांनी गाशा गुंडाळायचा बरं का."

मालिनी केळकर शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी अख्खी राम आळी त्यांना बाईच म्हणे. रावजीचं दुकान त्याच आळीत, कपड्याच्या दुकानाच्या बगलेला, दोन माणसं जेमतेम टेकतील एवढं. नवीन डागदागिना घडवायला आता त्याच्याकडे फारसं कोणी येत नसे. तुटलेलं सांधायचं, गळलेलं ओवायचं, काळवंडलेलं उजळायचं, यावर त्याचं नि यमुनाबाईचं दोघांचं चाले. त्यांना मूल नव्हतं. आळीतल्या निम्म्या पोरांचे कान मात्र रावजीने टोचले होते, भार्गवीचेही.

"माल बघितला कोणी हातात घेऊन?" रावजीने सहज विचारलं.

"फोटो होते ना. सोबत प्रमाणपत्र आलंय, त्यावर नंबर, हॉलमार्क सगळं. आणि त्या विकणाऱ्याला साडेतीनशे लोकांनी चांगलं म्हटलंय."

"त्यांनी काय घेतलं होतं त्याच्याकडनं?"

बाई हसल्या. "ते मला काय ठाऊक! उद्या संध्याकाळी येते."

त्या गेल्यावर रावजीने माळ तराजूत टाकली. चार तोळे, बरोबर. पण मोहनमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. वजनावरून काय कळणार? त्याने शेवटची कडी उघडली आणि नवा फासा बसवायला तिच्या टोकावरून कानस फिरवली. दोन हात मारले आणि तो थांबला. पिवळ्याच्या खालून तांबडं दिसत होतं.

त्याने कसोटीचा दगड पुढे ओढला, घासलेलं टोक त्यावर ओढून रेघ काढली, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. सोन्याची रेघ तेजाबाला भीक घालत नाही. ही हिरवट फेस काढून पुसली गेली. मग त्याने मधला एक मणी घेतला, तोही खरवडला. तीच गत. सगळी माळ तांब्याची होती, वर सोन्याचं जाड पाणी दिलेलं. काम मात्र हुशारीचं होतं. नुसतं वरवर कसाला लावलं असतं तर तो स्वतःही फसला असता.

घरी जेवताना त्याने यमुनाबाईला सांगितलं.

"उद्या सांगतो त्यांना."

"उद्या?" तिने भाताचा हात तसाच ठेवला. "परवा देवक बसतंय त्यांच्याकडे. चिपळूणच्या व्याह्यांना काय देणार ते सगळं ठरलेलं असेल. आता एका दिवसात चार तोळे कुठनं आणायचे त्यांनी?"

"म्हणून खोटं घालू द्यायचं पोरीच्या गळ्यात?"

"लग्न होऊन जाऊंदे. पाच परतवणं होऊंदे, पोर माहेरी येऊन जाऊंदे. मग सांगा निवांत. हातखंब्याचं विसरलात?"

रावजी विसरला नव्हता. बारा वर्षांपूर्वी हातखंब्याच्या एका घरात साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी नथ दाखवली, आणि याने चार माणसांत सांगितलं की मोती काचेचे आहेत. बोलाचाली झाली, सोयरीक मोडली. ती मुलगी पुढे तशीच राहिली. बाजारात दिसली की ती दुसऱ्या बाजूने जाई.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या पत्रिका घेऊनच. अक्षता ठेवल्या, यमुनाबाईलाही आणा म्हणून बजावलं. रावजीने माळ आणि काढलेले दोन मणी पुढे केले. त्याने सगळं बेमालूम करून ठेवलं होतं. खरवडलेला मणी आतल्या बाजूला, घासलेली कडी फाशाखाली.

"बाई..." तो म्हणाला.

"काय?"

बाईंच्या कपाळावर घाम होता, पिशवीतून हळदीकुंकवाच्या पुड्या डोकावत होत्या, आणि इतक्या वर्षांत त्याने त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं. त्याने माळ कागदात गुंडाळली.

"किती झाले?" बाईंनी पर्स उघडली.

"नको. असूंदे. भार्गवीचं लग्न आहे."

खोट्या डागावर मजुरी घ्यायला त्याचा हात धजेना, एवढंच होतं ते. पण बाईंचे डोळे भरून आले. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो," असं म्हणून त्या गेल्या.

लग्न थाटात झालं. मग पाच परतवणं झालं, पाऊस लागला, बाईंचे यजमान परशुराम केळकर आजारी पडले, आणि रावजीचं सांगायचं राहत गेलं. दर आठवड्याला तो ठरवी. दर आठवड्याला काही ना काही निघे. खरं म्हणजे, जितके दिवस लोटले तितकं ते सांगणं जड होत गेलं. आता कोणीही 'तेव्हाच का नाही बोललास' असंच विचारलं असतं.

नवरात्राच्या आधी भार्गवीच्या सासूबाई मोहनमाळ घेऊन कोल्हापूरला एका मोठ्या पेढीत गेल्या. त्यांना तिच्या जोडीची कुडी करायची होती. तिथे कस बघायचं मशीन होतं. मशीनने क्षणात सांगितलं, आणि पेढीवरच्या माणसाने ते दहा गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. चौथ्या दिवशी भार्गवी एका बॅगेसह रत्नागिरीला माहेरी आली. तिच्यासोबत निरोप होता : खरी मोहनमाळ घेऊन येणार असशील तरच परत ये.

यज्ञेश मुंबईहून आला तो सरळ दुकानात. मागे बाई होत्या. त्याने माळ फळीवर टाकली आणि फासा बाजूला सारून कडीचं टोक दाखवलं.

"हे काय आहे, काका?"

"कानशीचं आहे."

"म्हणजे उघडली होतीत तुम्ही."

"फासा बदलायला उघडावीच लागते. यज्ञेश, ऐक. ती आली तेव्हाच खोटी होती. मी तेजाब लावून बघितला होता."

यज्ञेशने माळ परत उचलली. "तेव्हाच कळलं तुम्हाला? मे महिन्यात?"

"होय."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

शेजारच्या दुकानातली माणसं फळीशी येऊन उभी राहिली होती. रावजीने त्यांच्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "लग्न तोंडावर होतं," तो म्हणाला. ते त्याचं त्यालाच पोकळ वाटलं.

"त्या वेबसाइटला मी कळवलंय," यज्ञेश म्हणाला. "ते म्हणतात, आम्ही फक्त जागा देतो, माल तपासत नाही. तक्रार सात दिवसांत करायची होती. आणि वस्तू मध्ये कोणा सोनाराकडे गेली होती का, असं विचारतात. काय उत्तर देऊ मी?"

बाई मागून फळीजवळ आल्या. त्या हळूच म्हणाल्या, "मजुरी नको म्हणालात. तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं."

एवढं एकच वाक्य. पण ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत फिरलं. मजुरी घेतली नाही! सोनार कधी मजुरी सोडतो का? चार तोळे मिळाल्यावर शंभर रुपयांवर कोण बघतो!

तक्रार झाली. पोलिसांनी दुकान उघडून पंचनामा केला. तराजू, कसोटी, तेजाबाची बाटली घेऊन गेले. रावजीला तीन दिवस बोलावून बसवून ठेवलं. पुरावा काही सापडला नाही, कारण सापडण्यासारखं नव्हतंच. पण गावातल्या पेपरात त्याचं नाव वय वर्षे बासष्ट यासह छापून आलं, आणि मग गिऱ्हाइकं येऊ लागली. डाग द्यायला नव्हे, परत न्यायला. कोणी बांगडी, कोणी पुतळी. न्यायची आणि तडक नव्या शोरूममध्ये जाऊन मशीनवर ठेवायची. एकाचंही सोनं कमी भरलं नाही. तसं सांगायला मात्र कोणी परत आलं नाही.

"मी सांगितलं होतं गप्प बसा म्हणून," एका दुपारी यमुनाबाई म्हणाली. दुकानात दोघंच होती. "पोलिसांना माझं नाव सांगा."

"काय सांगू? बायकोने सांगितलं म्हणून मुका झालो?"

ती उठून घरी गेली.

दिवाळीच्या आधी भार्गवी आली. एकटीच, डोक्यावर पदर घेऊन, जणू आळीतून चोरून आली होती. फळीच्या टोकाला बसली.

"काका, मला माहीत आहे तुम्ही घेतलं नाही."

रावजीने हातातली कानस खाली ठेवली. गेल्या दीड महिन्यात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

"मग तुझ्या आईला सांग गो."

"सांगितलं. ती म्हणते, मग यज्ञेश फसला असं होतं. चिपळूणला तेच हवंय त्यांना, माहेरच्यांनी मुद्दाम तांबं दिलं म्हणायला. सोनाराने बदललं म्हटलं तर निदान आम्ही खोटे ठरत नाही." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "माळ आली तरच मला नेणार आहेत. बाबांच्या औषधांतच सगळं जातंय. मी काही मागायला आले नाही, काका. नुसतं सांगायला आले."

ती गेल्यावर रावजीने दुकान बंद केलं. मग घरी जाऊन त्याने यमुनाबाईसमोर हात पसरला. तिच्या पाटल्या आणि एक गोफ, एवढंच घरात होतं. तिने पाटल्या काढताना साबण लावला, कारण त्या तीस वर्षं हातातून निघाल्या नव्हत्या.

"माळ भरून दिलीत म्हणजे तुम्ही चोर ठरलात. कळतंय ना?" ती म्हणाली.

"ठरलोच आहे. पोर तरी घरी जाईल."

आठ दिवस खपून त्याने मोहनमाळ घडवली. मणी एकसारखे, फासा घट्ट. कित्येक वर्षांत त्याच्या हातून एवढं सुंदर काम झालं नव्हतं. केळकरांच्या पडवीत त्याने ती ठेवली तेव्हा बाईंनी हात लावला नाही. यज्ञेशने उचलली, "बसा" म्हणाला, आणि स्कूटर काढून शोरूमला गेला. अर्ध्या तासाने परतला. मान हलवून आईला खूण केली. बाईंनी आतून पाणी आणून रावजीसमोर ठेवलं. ते त्याने प्यायलं नाही.

तक्रार मागे घेतली गेली. भार्गवी चिपळूणला गेली. आणि राम आळीत ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली. न घेता कोण चार तोळे भरून देतो!

मार्गशीर्षात रावजीने दुकानाची जागा सोडली. तिथे मोबाइलची कार्डं विकणारा आला. रावजी आणि यमुनाबाई राजापूर तालुक्यात नाटे गावी तिच्या भावाकडे राहायला गेली. भावाचं तिथे सोनारकामाचं छोटं दुकान होतं. त्याने बहिणीला सांगितलं, "भावोजींनी चांदीचं बघावं. सोन्याला हात नको, लोक बोलतात." त्यामुळे रावजी कोळणींची पैंजणं, पोरांचे वाळे, करदोडे सांधू लागला.

दीड वर्षाने, एका सकाळच्या एसटीने यज्ञेश नाट्याला आला. हातात कागदांची जाडजूड गड्डी. दुकानाच्या पायरीवर चपला काढून तो उभाच राहिला.

"काका, तो सापडला. विकणारा. त्याने अकरा जणांना हीच माळ विकली होती. प्रत्येकाला एकाच नंबरचं प्रमाणपत्र. त्या साडेतीनशे लोकांनी त्याच्याकडून केसांच्या पिना आणि मोबाइलची कव्हरं घेतली होती. त्यावरनं त्याचं नाव चांगलं झालेलं."

रावजीने कागद हातात घेतले. सगळं इंग्रजीत होतं. अकरा फोटो मात्र त्याला कळले. अकरा माळा, तोच सैल फासा.

"आईला ठाऊक आहे?" यमुनाबाईने आतून विचारलं.

"हो."

"मग ती का नाही आली?"

यज्ञेशने खाली बघितलं. "भार्गवीला दिवस गेलेत. चिपळूणला पुन्हा विषय नको, असं म्हणते आई. तुमच्या सोन्याचे पैसे मी हप्त्याहप्त्याने देईन, काकू. पण बाहेर बोलू नका म्हणते."

समोर बंदरावरून मासळीचा लिलाव ऐकू येत होता. रावजीने विचारलं, "यज्ञेश, खरं सांग. त्या दिवशी मी सांगितलं असतं, माळ तांब्याची आहे म्हणून, तर तू मानलं असतंस?"

यज्ञेशने विचार केला. खोटं बोलावं असं त्याला वाटलं असेल, पण तो खोटं बोलला नाही.

"नाही, काका. म्हटलं असतं, म्हाताऱ्याचा धंदा बसतोय म्हणून पोटात दुखतंय त्याच्या."

रावजीने मान डोलवली. कागद नीट जुळवून परत दिले. "तुझ्याकडेच ठेव. मला वाचता येत नाहीत."

यज्ञेश परतीच्या गाडीसाठी निघाला. यमुनाबाईने त्याला चहा विचारला नाही. रावजीनेही सांगितलं नाही. नंतर रत्नागिरीच्या पेपरात इंटरनेटवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल चार ओळी आल्या, पण राम आळीतल्या सोनाराबद्दल त्यात काही नव्हतं.

त्या दिवशी यज्ञेश वळणापलीकडे गेला तोवर पायरीवर तुळसा कोळीण येऊन बसली होती. तिच्या नातीचा वाळा तुटला होता, तो रावजीने सकाळीच सांधून ठेवला होता. त्याने तो पुसून तिच्या हातात दिला. तिने उलटासुलटा करून बघितला, कमरेच्या पैशांतून मजुरी मोजली, आणि तिथून उठून शेजारच्या वाण्याकडे गेली. सकाळी येतानाही तिने तो तिथेच तोलला होता. वाण्याने पारड्यात वाळा टाकला. रावजी मान वर न करता पुढचं पैंजण उचलून त्याच्या कड्या तपासू लागला.